डाव्या पायाचा आवाज

आकाराम गुळव्या म्हातारपणी बोलका झाला, असं गावाला वाटायला लागून वर्ष होत आलं होतं. आधी हा माणूस म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभा राहायचा आणि नुसत्या हाताच्या खुणेनं दहा माणसं नाचवायचा. आता मात्र घरापासून देवळापर्यंत जाताना चार ठिकाणी थांबायचा. कुणाच्या गाभण म्हशीचं विचारायचा, कुणाच्या पोरीच्या कॉलेजचं विचारायचा. ज्यांची चौकशी व्हायची ते खूश. एवढा कडक माणूस, पण वय झालं की मऊ होतो बघा, असं लोक म्हणायचे.

मऊबिऊ काही झालेला नव्हता. शंभरेक पावलं चाललं की त्याची डावी पोटरी कुणीतरी पिळून काढल्यासारखी आवळून यायची. उभं राहिलं की दोन मिनिटांत मोकळी व्हायची. ती दोन मिनिटं कुठं आणि कशी काढायची, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न होता. म्हशीची चौकशी हे त्याचं उत्तर.

त्याची चोरी पकडली सुनेनं, तेजस्वीनं. एका सकाळी ती दूध घालून मागून येत होती, तर सासरा वाटेत बंद दुकानाच्या दाराशी उभा. दारावर इंग्रजीच्या क्लासची जाहिरात चिकटवलेली, आणि हा ती मन लावून वाचत होता. चौथी शिकलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाला अस्खलित इंग्रजीशी काय करायचं होतं? दोन दिवस मागं मागं चालून तेजस्वीनं पावलं मोजली. तिसऱ्या दिवशी थेट विचारलं.

"मामा, पाय दुखालाय का?"

"कुणाचा?"

"माझा न्हवं. तुमचा."

"पाय कुणाचा दुखत न्हाय? तुझ्या सासूचा दुखायचा न्हाय का?"

असं मेलेल्या सासूला मध्ये आणलं की विषय संपतो, हे त्याला माहीत होतं. पण तेजस्वी चिवट होती. त्या दुपारी तो झोपलेला असताना तिनं त्याच्या डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाभोवती गुंडाळलेली चिंधी सोडली. हळदीखाली बोट काळपट निळं पडलं होतं आणि टोकाला ओलसर जखम होती. आणि चिंधी सोडताना तो जागाही झाला नाही. ह्याचंच तिला जास्त भय वाटलं.

ही जखम गेल्या हंगामाच्या शेवटची, म्हणजे एप्रिलातली. काहिलीजवळ पायात काही घालायचं नाही, ही गुऱ्हाळाची रीतच. काहिलीखालच्या भट्टीची, चुलाणाची, पूजा झाली की हंगाम संपेपर्यंत तिथं चप्पल जात नाही, मालकाचीसुद्धा. उकळत्या रसाचा थेंब आकारामच्या बोटावर उडाला होता. पंधरा वर्षांच्या साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले, त्यामुळं त्याला ते संध्याकाळी पाय धुताना कळलं. सहा महिने झाले, जखम भरायचं नाव घेत नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं, पायावरची नाडी चाचपली, दुसऱ्यांदा चाचपली, आणि कोल्हापूरला राजारामपुरीतल्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. रक्त पायापर्यंत पोचतं का, ते तिथं बघतात.

आता आकारामच्या कानांविषयी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

गुळव्या म्हणजे गुळाचा आचारी. काहिलीत उसाचा रस चढला की तो कधी उतरवायचा, हे एकटा गुळव्या ठरवतो. दोन मिनिटं आधी उतरवला तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो, आणि एवढ्या सगळ्या रसाची माती होते. बाकीचे गुळवे डोळ्यानं बघतात, रंग बघतात, पळी वर धरून तार बघतात. आकाराम पाठ करून उभा राहायचा आणि ऐकायचा. रस आधी खळखळतो, मग खदखदतो, मग आवाज जड होतो आणि बुडबुडे एकेक करून फुटायला लागतात. त्या फुटण्याच्या मधली शांतता किती, ते तो मोजायचा. हात वर झाला की काहील उतरलीच पाहिजे. छत्तीस हंगामांत त्याचं एकही आधण, म्हणजे काहीलभर रस, वाया गेलं नव्हतं. हे तो स्वतः सांगत नसे. दुसऱ्यांनी सांगितलं की फक्त छत्तीसचे सदतीस होऊ नयेत एवढं बघायचा.

गेल्या वर्षी थोरल्या मालकांच्या मुलाकडं, अमरसिंहाकडं, गुऱ्हाळ आलं. पोरगा कष्टाळू, पण शिकलेला. त्यानं काहिलीत सोडायला लांब दांड्याचा तापमापक आणला. एकशे अठरा अंश झाले की उतरवायचं, एवढं सोपं. आकारामला तो स्वतःच्या कानांचा अपमान वाटला.

"आकडा काय, कुणीबी सांगतंय," तो म्हणायचा. "रस काय म्हणालाय ते ऐका की."

अमरसिंह हसायचा, पण तापमापक काढायचा नाही. शेवटी दोघांनी मुकाट्यानं तडजोड केली होती. तापमापक काहिलीत लटकायचा आणि आकाराम त्याच्याकडं बघायचा नाही. पण यंदा अमरसिंहानं स्पष्ट सांगितलं होतं, "तात्या, पाय बरा असला तरच या. चुलाणापाशी लंगडा माणूस उभा करायचं मला भ्या वाटतंय. न्हाईतर यंदापुरता दुसरा गुळव्या बघतो."

दुसरा गुळव्या हे शब्द आकारामच्या जिव्हारी लागले होते. दसरा झाला होता आणि पहिलं आधण येत्या गुरुवारी चढणार होतं. तेजस्वीच्या स्कूटरवर मागं बसून तो सोमवारी राजारामपुरीत उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यात पाय नव्हताच, गुरुवार होता.

तपासणीच्या खोलीत एकाच माणसाला सोडत. तेजस्वी बाहेर बसली. आत नुजहत नावाची तिशीतली बाई होती. मोठे डॉक्टर बाहेरगावचे, दर गुरुवारी येणारे. बाकीचे दिवस पायांची तपासणी हीच बघायची. तिनं आकारामला पाठीवर झोपवलं आणि दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगितलं.

"सुई न्हाय का?" त्यानं विचारलं.

"सुई नाही, चिरफाड नाही, काही नाही. दोन्ही दंडांवर पट्टा, दोन्ही घोट्यांवर पट्टा. हातात दाब किती, पायात किती, ते बघायचं. हातातलं रक्त आणि पायातलं रक्त एकाच घरातलं, काका. पायाला हातापेक्षा कमी मिळत असलं तर वाटेत कुठंतरी अडलंय."

"आणि कमी न्हाय मिळालं तर?"

"तर चांगलंच की. पायाच्या आकड्याला हाताच्या आकड्यानं भागायचं. एकच्या आसपास पाहिजे. नव्वदच्या खाली आला, म्हणजे शून्य पॉइंट नव्वद, तर गडबड."

आकारामनं ते मनात पक्कं केलं. एक पाहिजे, नव्वदच्या खाली नको.

तिनं उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला गार मलम लावलं आणि पेनासारखी एक कांडी तिरकी टेकवली. खोलीत एकदम आवाज भरला. आकाराम दचकला. त्याच्या स्वतःच्या अंगातून असा आवाज येतो हे त्याला एकसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं सवयीनं डोळे मिटले. एक जोराचा ठोका, त्याच्यामागं एक उलटा, हलका, आणि मग एक अगदी बारीक. पुन्हा तेच, पुन्हा तेच. तीन तुकड्यांचा, चढता, जिवंत आवाज. त्याला वाटलं, चुलाण चांगलं पेटलंय.

मग तिनं कांडी डाव्या पायावर नेली.

डाव्या पायाचा आवाज वेगळा होता. तीन तुकडे नव्हते. एकच होता, सपाट आणि लांबलेला, पाटातून पाणी संथ सरकावं तसा. ठोका वर चढतच नव्हता. नुजहतनं कांडी थोडी सरकवली, कोन बदलला, परत टेकवली. आवाज तोच. आकाराम डोळे मिटूनच होता. हा आवाज काय आहे हे त्याला कुणी सांगायला नको होतं. खालचा जाळ विझलेल्या काहिलीचा आवाज त्यानं छत्तीस हंगाम ओळखला होता.

नुजहतनं एकेका घोट्यावरचा पट्टा फुगवला. आवाज थांबावा म्हणून फुगवत राहिली. उजव्या पायाचा लगेच थांबला, डाव्याचा थांबेना. पट्टा करकचून आवळला तेव्हा कुठं थांबला. तिनं आकडे लिहिले, भागाकार केला आणि कपाळाला आठी घातली.

"किती आला?" आकारामनं विचारलं.

"उजवा एक पॉइंट शून्य चार. डावा..." ती थांबली. "डावा एक पॉइंट छत्तीस."

आकाराम उठून बसला. "म्हंजे डावा जास्त?"

"आकडा जास्त आहे. पण काका, नीट ऐका. हा आकडा धरायचा नाही. साखरेच्या माणसाच्या शिरेला आतून चुना धरतो. शीर कडक होते. वरून पट्टा कितीही आवळला तरी ती दबत नाही, मग आकडा मोठा येतो. आकडा मोठा म्हणजे रक्त जास्त असं नाही. बोटाच्या बारक्या शिरेत सहसा चुना धरत नाही, म्हणून आता बोटाचा दाब मोजला पाहिजे. बोटाचा बारका पट्टा आपला फुटलाय, नवा बुधवारी येतोय. गुरुवारी सकाळी दहाला या. डॉक्टरही असतील. रिपोर्ट पुरा तेव्हाच देते."

"गुरुवारीच?"

"गुरुवारीच. चुकवू नका."

तिनं त्याच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. तो बोटावर चिंधी गुंडाळण्यात गुंतला होता.

"त्यो आकडा तेवढा चिठ्ठीवर लिहून दे की पोरी," तो म्हणाला. "सुनेला सांगाय पाहिजे."

तिनं चिठ्ठीवर दोन्ही पायांचे आकडे लिहिले. खाली 'गुरुवार, दहा वाजता' असंही लिहिलं. चिठ्ठी घेऊन तो बाहेर आला, आणि येता येता त्यानं तिचा खालचा भाग सुबकपणे फाडून टाकला.

तेजस्वी उठून पुढं आली. "काय म्हणाल्या?"

"ह्ये बघ. एक पाहिजे. माझा एक पॉइंट छत्तीस. पाहिजे त्याच्यापरास जास्तच हाय."

तेजस्वीनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते बघून आकारामला क्षणभर लाज वाटली. पण हसू दुसऱ्याचं, गुरुवार आपला. त्यानं लाज गिळली. सगळ्या जन्मात ज्यानं आकड्यावर कधी विश्वास ठेवला नाही, त्यानं त्या दिवशी स्वतःच्या कानाला खोटं पाडलं आणि आकड्याला खरं केलं. कारण आकडा त्याच्या सोयीचा होता. असा मोह भल्याभल्यांना होतो, पण आकारामला तरी व्हायला नको होता.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तो चुलाणापाशी होता. चिठ्ठी अमरसिंहाला दाखवून झाली होती. "अरे वा, तात्या, तुमचा पाय तर माझ्यापेक्षा बरा दिसतोय," असं तो म्हणाला आणि विषय मिटला. नारळ फुटला, चपला बाहेर गेल्या, पहिलं आधण चढलं. खुंटीला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात आकारामचा फोन तीनदा वाजला. संध्याकाळी चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यानं उचलला.

"काका, आला नाहीत तुम्ही."

"येतो की पोरी. पुढच्या गुरुवारी येतो."

पुढच्या गुरुवारी तो गेला नाही. त्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्यानं उचललाच नाही.

गुऱ्हाळावर त्याचं बरं चाललं होतं, असं वरवर दिसत होतं. चालायचं नव्हतं, उभं राहायचं होतं, त्यामुळं पोटरी गप्प होती. पण रात्री बोट ठणकायला लागलं, आणि बधिर पाय ठणकतो म्हणजे काय असेल, ह्या विचारानं त्याची झोप उडायची. पाय खाटेखाली लोंबता सोडला की जरा बरं वाटायचं. तेजस्वी विचारायची, "मामा, बोट दाखवा बघू." तो म्हणायचा, "एक पॉइंट छत्तीस हाय. तूच वाचलंयस न्हवं?" मग तिला ते पटायचं. चिठ्ठी तिनं देवाच्या फोटोमागं जपून ठेवली होती.

पंधरवड्यानं एका बुधवारी दुपारचं आधण चढलं होतं. तेजस्वी भाकरी घेऊन आली होती आणि बाहेर पत्र्याच्या सावलीत बसली होती. आकाराम काहिलीकडं पाठ करून उभा होता. रस खळखळून झाला, खदखदून झाला, आवाज जड झाला. बुडबुडे एकेक फुटायला लागले. त्यानं हात वर केला.

"थांबा," अमरसिंह म्हणाला. "एकशे बाराच झाल्यात."

"झालंय. उतरवा."

"तात्या, काटा एकशे बारा म्हणालाय. कच्चा उतरला तर बसायचा न्हाय."

माणसं काहिलीच्या कड्यांना हात लावून उभी राहिली. कुणाचं ऐकायचं ते त्यांना कळेना. आकारामनं वाद घातला नाही. लांब पळीनं थेंबभर रस घेतला, गार पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी वळून गोळी केली आणि दगडावर आपटली. खणखणीत वाजली.

"उतरवा म्हणतोय न्हवं! करपालंय!"

या वेळी त्याच्या आवाजात असं काही होतं की माणसांनी मालकाकडं बघितलंच नाही. काहील उतरली, रस गार करायच्या पसरट वाफ्यात ओतला गेला. रंग जरा गडद आला होता, पण वास सुटला होता तो गुळाचाच. आणखी मिनिटभर गेलं असतं तर जळका वास सुटला असता.

अमरसिंह ओशाळला. त्यानं तापमापक वर काढला. त्याच्या खालच्या टोकावर मळी आणि साखरेचा जाड, दगडासारखा थर चढला होता. पंधरा दिवसांच्या आधणांचा. रोज धुवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ह्याला काय झालं?" अमरसिंह म्हणाला. "नवा तर हाय."

"काट्याची काय चूक?" आकाराम म्हणाला. तो खुशीत होता आणि खुशीत असला की शिकवायचा. "त्याच्या अंगावर थर बसलाय. आतली खबर त्याला लागंना झालीया. थर धरला की आकडा खरं सांगत न्हाय, मालक. कान सांगतोय ते..."

तो तिथंच थांबला.

शब्द त्याचेच होते, पण त्याला ऐकू आले ते नुजहतच्या आवाजात. शिरेला आतून चुना धरतो, काका. हा आकडा धरायचा नाही. आणि त्याच्यामागून तो सपाट, लांबलेला आवाज, जो त्यानं पंधरा दिवस रोज रात्री ऐकू येऊनही ऐकला नव्हता. समोर सगळी माणसं त्याच्याकडं आदरानं बघत होती. त्याला त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्याला डोळा देववेना.

"तात्या?" अमरसिंह म्हणाला.

आकाराम खाली बसला. डाव्या बोटाची चिंधी सोडली. बोट आता निळं राहिलं नव्हतं. काळं होतं, मुळापर्यंत.

"सुनेला बोलवा," तो म्हणाला. "मला राजारामपुरीला जायाचं हाय."

अमरसिंहानं स्वतःची गाडी काढली आणि दवाखान्यात फोनही केला. गाडीत बसण्याआधी आकारामनं त्याला सांगितलं, "काटा हरेक आधणाला धुवायचा. आणि गोळी बघितल्याबिगर उतरवायचं न्हाय. कळलं?" दुसरा गुळव्या बघा, हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत, पण निघाल्यासारखेच होते. अमरसिंहानं नुसती मान हलवली.

नुजहतनं त्याला एका शब्दानंही बोल लावला नाही. बारका पट्टा पायाच्या अंगठ्याला बसवला, टोकाला उजेड टाकणारा छोटा चिमटा लावला. पडद्यावर जी रेघ नाचायला पाहिजे होती ती कशीबशी थरथरत होती. अंगठ्याचा दाब सव्वीस आला.

"तीसच्या खाली जखम भरत नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगते. बाकी डॉक्टर सांगतील."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. डॉक्टरांनी जांघेतून तार घालून, फुगा फुगवून गुडघ्याखालची शीर मोकळी केली. पाऊल वाचलं. बोट गेलं, दुसरं बोट, सबंध. डॉक्टर तेजस्वीला म्हणाले, "पंधरा दिवस आधी आणलं असतं तर कदाचित बोटही राहिलं असतं." त्यांनी ते सहज सांगितलं आणि पुढच्या खाटेकडं गेले. पण तेजस्वी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. आकाराम खाटेवरून बघत होता. ती रडली नाही. घरी आल्यावर मात्र तिनं देवाच्या फोटोमागची चिठ्ठी काढली आणि ओट्याशी उभी राहून कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिली.

"मी आत याय पाहिजे होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "आडाण्यासारखा आकडा वाचला आणि हसले. मलाच कळलं न्हाय, मामा."

आकाराम तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं. पण मिठाची गुळणी परत तोंडात आली होती. महिनाभर ती रोज त्याचा पाय धुवायची, जखम बांधायची, आणि रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं म्हणायची, मी आत याय पाहिजे होतं. प्रत्येक वेळी ते वाक्य त्याच्या काळजाला चटका देऊन जायचं. गेलेल्या बोटाचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं. नऊ बोटांवर माणूस उभा राहतो. पण तिचं ते वाक्य घेऊन उभं राहणं त्याला जमेना.

महिन्यानं तपासणीला गेले तेव्हा तेजस्वी नेहमीसारखी बाहेरच्या बाकावर बसायला निघाली.

"तू आत ये," आकाराम म्हणाला.

"एकालाच सोडत्यात की."

"सोडतील."

नुजहतनं सोडलं. आकाराम आडवा झाला. घोट्यावर गार मलम लागलं. आधी अंगठ्याचा दाब झाला, मग तिनं कांडी हातात घेतली.

"अंगठ्याचा आकडा चांगला आलाय. सांगू का?" तिनं विचारलं.

"मागनं सांग. आधी ऐकू दे."

तिनं कांडी टेकवली. आकारामनं डोळे मिटले. ठोका आला आणि या वेळी तो वर चढला. त्याच्यामागं एक दुसरा होता, हलका, पण होता. तिसरा नव्हता. त्यानं वाट बघितली, तिसरा आला नाही.

"दोनच हाईत," तो म्हणाला.

"दोन पुरे आहेत, काका. दोन म्हणजे रक्त पोचतंय."

"त्या दिवशी एकच होता."

"हो," नुजहत हळूच म्हणाली. "एकच होता."

"मला ऐकू आलतं."

"मला माहीत आहे. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं होतं. मीच बाहेर येऊन सुनेला सांगायला पाहिजे होतं. तेव्हापासून मी घरचं माणूस आत घेतल्याशिवाय सोडत नाही कुणाला."

आकारामनं डोळे उघडले आणि तेजस्वीकडं बघितलं. नुजहतनं कांडी काढली नाही, त्यामुळं खोलीत त्याच्याच पायाचा आवाज चालू होता.

"तेजस्वी, हिनं मला सांगितलंतं. आकडा धरू नका, गुरुवारी या. चिठ्ठीवर लिहून दिलंतं. त्यो कागद मी फाडला. आणि हिनं न्हाय सांगितलं तरी मला कळलंतं. पाय मेलेला वाजत होता आणि मी गुऱ्हाळासाठी गप्प बसलो. तू आत असतीस तरी मी खोटंच बोललो असतो. तुझी कायबी चूक न्हाय. माझी हाय."

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांत ओघळलं. दोन्ही दंडांवर पट्टे होते, पुसताही येईना.

तेजस्वीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. रागानं की रडू दाबून, ते सांगता येत नव्हतं. बहुतेक दोन्ही. पदरानं तिनं आधी त्याचे कान पुसले, जरा जोरातच. मग स्टूल ओढून त्याच्या पायाशी बसली.

"मॅडम," ती नुजहतला म्हणाली, "उजव्या पायाला लावा जरा. आणि मग परत डाव्याला. मला दोन्ही नीट ऐकायचं हाय. ह्यांच्यावर आता माझा इश्वास न्हाय."

नुजहतनं कांडी उजव्या घोट्याला टेकवली. तेजस्वीनं डोळे मिटले आणि सासऱ्यासारखीच मान जराशी तिरकी केली.